आळीचं सोनं

१६ जून १९९२

माझं सगळं बदललं ते २३ ऑगस्ट १९९० रोजी, गुरुवारी, केमिस्ट्रीच्या तासाला. वही नवी आहे म्हणून पहिल्याच पानावर लिहून टाकतो, म्हणजे पुढं उगाळत बसायला नको.

शिपाई सूचनेचा कागद घेऊन आला. सर म्हणाले, ई.बी.सी.वाल्यांनी नाव आलं की उभं राहायचं आणि सहीला ऑफिसात जायचं. म्हणजे ज्यांच्या घरी कमी पैसे, ज्यांची फी सरकार भरतं, त्यांनी साऱ्या वर्गासमोर उभं राहून दाखवायचं. माझं नाव दुसरं आलं. उभा राहिलो. पलीकडच्या बाकावरून अनुयानं वळून माझ्याकडं बघितलं. बास. वह्या उचलल्या, सरांना म्हटलं, "गरिबी मोजायचीय तर घरी या, चहा पण देतो," आणि दार असं आपटलं की वरची काच खाली आली. काचेचे पैसे कॉलेजनं माझ्या डिपॉझिटमधून कापून घेतले. मी परत गेलो नाही.

अनुयाच्या बघण्याचा त्याच्याशी संबंध नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

आता तहसील कचेरीसमोर कुमारकाकाच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानात बसतो. बारावीची पोरं मार्कलिस्टच्या झेरॉक्स काढायला येतात आणि "पुढं काय?" म्हटलं की खांदे उडवतात. कुणाला ठाऊकच नसतं की अमुक ट्रस्ट वडील नसलेल्यांना देतो, तमुक ट्रस्ट फक्त आपल्या जातीच्यांना, तिसऱ्याला अर्ज स्वतःच्या अक्षरात लागतो आणि सोबत परतीचं पाकीट नसेल तर ते अर्ज उघडतसुद्धा नाहीत. दोन वर्षं हे सगळं मी हौसेनं जमवलंय. काल दुकानाबाहेर पाटी लावली : बारावीनंतर फीमाफी, शिष्यवृत्ती, वसतिगृह. माहिती व अर्ज विनामूल्य.

काका पाटीकडं बराच वेळ बघत उभा होता. मग म्हणाला, "कॉलेजातून पळालेला माणूस कॉलेजचा रस्ता सांगणार. वा. आणि विनामूल्य शब्द मोठा काढलायस. झेरॉक्सही विनामूल्य का?"

"झेरॉक्सचे घे."

"उपकार झाले."

२० जून

कोळीवाड्यातली रंभामावशी आली. मासळी बाजारात बसते. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या, म्हणून सध्या सुकट आणि बोंबील. नवरा दादू दुसऱ्याच्या होडीवर खलाशी, आता घरी जाळी विणत बसलेला. मावशीच्या मागं मुलगी, जयवंती. सायन्सला एकाहत्तर टक्के आणि रत्नागिरीला मत्स्यशास्त्राच्या कॉलेजात नंबर लागलाय.

काकानं टाइपरायटरवरून मान न उचलता विचारलं, "कोळ्याची पोर मासे शिकायला रत्नागिरीला?"

"मी पण तेच बोलले," मावशी म्हणाली. "मासे मी शिकवते. फुकट. बरफाचे तेवढे दे."

जयवंती हसली नाही. "आई मेलेले मासे शिकवते. मला जिते पायजेत. खाडीतला जिताडा कुठं गेला ते कोन सांगल?"

काकाचं टायपिंग थांबलं. जिताडा मासा हा त्याचा हळवा विषय आहे.

फी ई.बी.सी.त माफ होईल. प्रश्न वसतिगृहाचा आणि जेवणाचा, तेही चार वर्षं. दहा ऑगस्टच्या आत पैसे भरले नाहीत तर जागा खालच्या नंबरला जाईल. माझ्या माहितीत चारही वर्षांचा खर्च उचलणारी संस्था एकच : तळ्याकाठच्या वाचनालयाच्या माडीवरचा विद्यार्थी निधी. अध्यक्ष महादेवराव वकील, सारं गाव ज्यांना भाऊसाहेब म्हणतं ते. निधीची सगळी प्रकरणं यंदापासून अनुया बघते. बी.एस्सी. झाली, लगेच लागली.

म्हणजे मला तिथं जावंच लागणार. जयवंतीसाठी.

२३ जून

इस्त्रीचा शर्ट घातला. काका म्हणाला, "अर्ज तुझाय की पोरीचा?"

माडीवर दोन खोल्या. दार पावसानं फुगलेलं, खांदा लावल्याशिवाय लागत नाही. अनुयाला चष्मा आलाय. चष्म्यात ती अधिकच, असो. जयवंतीचा अर्ज दिला, शिवाय माझ्याकडची आणखी चार मुलं. त्यात कामोठ्याची प्रांजल आहे, जिची आई एकटी शिवणावर घर चालवते.

अर्ज चाळताना म्हणाली, "तुझं अक्षर अजून तसंच आहे."

तसंच, म्हणजे दोन वर्षं तिनं माझं अक्षर लक्षात ठेवलं. हा साधा शेरा नाही. मग म्हणाली, "शार्दूल म्हणतो, हे काम मी सोडू नये. पगार नावालाच आहे, पण मला आवडतं." शार्दूल कोण ते विचारलं नाही. मामेभाऊ असणार. तिला मामेभाऊ पुष्कळ आहेत.

येताना तळ्याला दोन चकरा मारल्या. कारण नाही.

१ जुलै

मुलाखत पाच तारखेला, पालकांसह. दुकानात तालीम घेतली. मी भाऊसाहेब झालो.

"घरचं उत्पन्न किती?"

मावशी म्हणाली, "वारा असंल तसं."

असं उत्तर चालणार नाही म्हटलं. अर्धा तास घासून घेतलं. जयवंतीला सगळं येतं. मावशीला म्हटलं, जास्त बोलू नका. ती म्हणाली, "बोलले नाय तर मुकी समजून जास्त देतील?"

सगळं शिकवलं. काही सोडलं नाही. 

५ जुलै



सकाळी दहाला मी माडीवर. खाली गलका झाला म्हणून जिन्यात वाकलो. रंभामावशी वर येत होती. हिरवं लुगडं, अंबाड्यावर वेणी आणि अंगावर सोनं. थोडं नाही. पुतळ्यांची माळ, बोरमाळ, मोहनमाळ, दोन्ही हातांत पाटल्या, कानांत बुगड्या. मागं जयवंती साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, जणू दुसऱ्या घरची.

अडवायला वेळच मिळाला नाही. आतून नाव पुकारलं.

भाऊसाहेबांनी चष्म्याच्या वरून बघितलं. शेजारच्या दोन सभासदांनी बघितलं. मग भाऊसाहेब फार गोड आवाजात म्हणाले, "बाई, आम्ही तुम्हाला द्यायचं, की तुम्ही आम्हाला?"

सगळे हसले. जयवंतीला मासळीवर एकही प्रश्न विचारला नाही. "प्रकरण राखून ठेवा, घरभेट होऊ द्या," एवढंच. अनुया खाली मान घालून लिहीत होती.

जिन्यात मी मावशीवर ओरडलो. खोटं का लिहू, ओरडलो. "हे काय घालून आलात? मदत मागायला आलोय आपण."

"मग काय बोडक्या गळ्यानं येऊ? मयताला जातात तशी?"

"एवढं सोनं आहे घरात, तर..."

"माझं काय हाय यात? मंगळसूत्र न बुगड्या. ही बोरमाळ सखूबाईची. पाटल्या ठमाबाईच्या, पुतळ्या गंगाबाईच्या. मोहनमाळ सोनाबाईची, ती पण कालच सोडवून आनली." ती जिन्यातच बसली. "आळीतली पयली पोर कॉलेजला चालली रे मास्तर. बाया बोलल्या, आमाला काय वर बोलवनार नाय. आमचं सोनं तरी जाऊ दे तिच्यासंगं."

मी म्हटलं, चला, आत्ताच्या आत्ता वर जाऊन हे सांगू.

"सांगायचं नाय. बायांची नावं त्यांच्या कागदावर नकोत. उद्या बाजारात बोलतील, उसनं घालून मिरवली."

कोळीवाड्यातली बाई मोठ्या घरी जाताना मोकळ्या गळ्यानं जात नाही, हे शेंबडं पोर सांगेल. जन्म इथं गेला माझा. तालमीत मात्र मी उत्पन्न घासत बसलो होतो.

६ जुलै

ठरवलं. अर्ज परत घ्यायचा. हसणाऱ्यांचे पैसे नकोत. निधीला कडक पत्र लिहिलं, "आपल्या दानशूरतेचा आम्ही निषेध करतो" वगैरे. वाक्यं चांगली जमली होती. जयवंतीला वाचून दाखवलं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दादा, तुमी कॉलेज सोडलंत ते तुमचं. मला जायचं हाय."

पत्र फाडलं. एक झेरॉक्स ठेवली आहे, नुसती वाक्यांसाठी.

१४ जुलै

संध्याकाळी अनुया तळ्याच्या पायऱ्यांवर भेटली. योगायोगानं नाही, मी थांबलो होतो. तिला म्हटलं, असल्या ठिकाणी तू काम करतेस कसं? लोकांना उभं करून त्यांची गरिबी तपासायची, वर थट्टा करायची. राजीनामा दे. मी असतो तर दिला असता.

"ते माहीत आहे," ती म्हणाली. "तू तेवढंच करतोस."

मग मी २३ ऑगस्ट काढला. म्हटलं, तू वळून बघितलंस तेव्हा मला काय झालं असेल याचा विचार केलास कधी?

"कधी वळून बघितलं?"

मी सांगितलं. तारीख, तास, बाक.

 पाण्यात कुणीतरी निर्माल्य टाकलं होतं, त्यावर एक कावळा चालत होता. मग म्हणाली, "मी बघितलं, कारण तुझ्यानंतर माझं नाव होतं. तिसरं. बाबांची गिरणी तेव्हा बंद होती. कसं उभं राहायचं ते मी तुझ्याकडून बघत होते."

"मग?"

"मग तू काच फोडून गेलास. सगळा वर्ग हसायला लागला. सर चिडले, म्हणाले, आता पुढचं कोण? आणि मी उभी राहिले."

तिनं चप्पल पायात सरकवली. "तुझ्यापेक्षा मला जास्त वेळ उभं राहावं लागलं, सुशांत. काच गोळा होईपर्यंत."

वर रस्त्यावर स्कूटर वाजली. शार्दूल न्यायला आला होता. मामेभाऊ उंच आहे.

१५ जुलै

चुकलो असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी तिचं नाव तिसरं आहे हे मला कुणी सांगितलं होतं का? नाही. मग झालं तर.

काकाला विचारलं, काच फुटली तर झाडून कोण घेतं? म्हणाला, "जो राहतो तो." विचारायलाच नको होतं.

१९ जुलै

अनुयाची कोळीवाड्यात घरभेट झाली. मला जयवंतीनं येऊन सांगितलं.

मॅडम जमिनीवर बसल्या. खुर्ची शेजारून मागवली होती तरी बसल्या नाहीत. चहा घेतला. घर बघितलं, म्हणजे दोन मिनिटांत संपलं. दादू जाळ्यातून उठला नाही, नुसता म्हणाला, "पोर हुशार हाय, माझ्यावर नाय गेली." दागिन्यांचं मॅडमनी विचारलंच नाही. आई मुद्दाम गप्प. तेवढ्यात सखूबाई आली आणि दारातूनच म्हणाली, "बोरमाळ माझी हाय, लिवून घ्या." तिच्यामागं ठमाबाई, "पाटल्या माझ्या." मग सोनाबाई, गंगाबाई. कुणी बोलावलं नव्हतं. घरात जागा उरली नाही.

"आई रागावली?" मी विचारलं.

"लय. बोलली, तुमाला कोनी सांगितलं तोंड घालाया? तर ठमाबाई बोलली, सोनं आमचं, तोंड पन आमचं."

अनुयानं सगळी नावं लिहून घेतली म्हणे, आणि प्रत्येकीला वाचून दाखवली.

हे तिनं माझ्यासाठी केलं असेल का? आठवड्यापूर्वी नक्की हो म्हटलं असतं.

२८ जुलै

निधीचा निरोप. घरभेटीचा अहवाल चांगला, मदत मंजूर व्हायला हरकत नाही. अटी दोन. पंधरा ऑगस्टच्या समारंभात मंचावर मुंबईचे देणगीदार असतील, फोटो निघेल. बाईंनी तिथं साध्या वेशात, दागिन्यांशिवाय यावं. आणि दोन तारखेच्या बैठकीतही तसंच येऊन, आपण निराधार व निष्कांचन असल्याचं लिहून द्यावं.

निष्कांचन म्हणजे काय, मावशीनं विचारलं. अंगावर सोनं नसलेली, मी म्हटलं.

"असं लिवून द्यायचं? नवरा जिता असून?"

काकानं टाइपरायटरवर झाकण घातलं. इतका वेळ तो ऐकतोय हे मला ठाऊक नव्हतं. म्हणाला, "माझ्या आईला फीमाफीच्या अर्जाला बांगड्या काढून यायला सांगितलं होतं. ती काढून गेली."  हे मी पहिल्यांदाच ऐकलं. काकाची आई म्हणजे माझी आजी, आणि अर्ज माझ्या वडिलांचा असणार.

मी मावशीला म्हटलं, तुम्ही सांगाल तसं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला हे म्हटलं.

ती म्हणाली, "रविवारी तर येऊ दे."

२ ऑगस्ट, रविवार

सगळं लिहायचं आहे, क्रमानं.

रंभामावशी आली. मागं जयवंती. मावशीचं हिरवंच लुगडं, पण सोनं आधीपेक्षा जास्त. गंगाबाईची नथसुद्धा, जी ती लग्नाशिवाय कुणाला देत नाही. वाचनालयात पेपर वाचणारे म्हातारे उठून उभे राहिले.

बाहेरच्या बाकावर माझी बाकीची चार मुलं पालकांसोबत बसली होती, आज त्यांचीही प्रकरणं होती. कामोठ्याची प्रांजल टोकाला, एकटी. आईला शिवणाची घाई होती.

आत भाऊसाहेब, दोन सभासद, अनुया. मला बोलावलं नव्हतं. मी गेलो.

भाऊसाहेबांचा चेहरा बदलला. "बाई, निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला."

"मग हे?"

"हे आळीचं हाय. तुमच्या मॅडमनी लिवलंय, कुनाकुनाचं ते. उतरवायचं तर मी घरी जाऊन उतरवीन, जिचं तिला देऊन. तुमच्या दारात नाय."

"आम्ही मदत गरजूंना करतो. देणगीदारांना मी काय दाखवू?"

"पोरीचे मार्क दाखवा. ते तिचेच हायत. उसने नाय."

एक सभासद खोकल्यासारखं हसला आणि लगेच थांबला. भाऊसाहेबांनी फाईल मिटली. "ठीक आहे. प्रकरण सप्टेंबरच्या बैठकीत घेऊ."

सप्टेंबर. जागा दहा ऑगस्टला जाणार. त्यांना माहीत होतं.

 वाक्यं तयार होती, त्या झेरॉक्समधली सगळी. दार माझ्या मागं दोन पावलांवर. जयवंती माझ्याकडं बघत होती. तशीच, वळून.

मी भिंतीजवळची खुर्ची ओढली आणि बसलो.

"हे काय?" भाऊसाहेब म्हणाले.

"बसलोय. आज निर्णय होईपर्यंत."

"तुम्ही कोण?"

"अर्ज लिहिणारा."

मावशीनं इकडंतिकडं बघितलं आणि खाली बसली, मांडी घालून, पाटल्या मांडीवर ठेवून, बाजारात बसते तशी. "मला सवय हाय," ती म्हणाली. "बोंबील संपेस्तोवर बसते मी."

पंखा फिरत होता. बाहेर कुणाचं तरी लहान पोर रडायला लागलं. भाऊसाहेबांनी घड्याळ बघितलं. मग अनुयानं चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "भाऊसाहेब, नियमात दागिन्यांबद्दल काही नाही. उत्पन्न आहे आणि गुण आहेत. दोन्हीत ही मुलगी पहिली बसते. इतिवृत्तात 'पुढे ढकलले' लिहायचं तर कारण मला लिहावं लागेल. काय लिहू?"

तिच्या आवाजात धमकी नव्हती. तिनं पेन धरलं होतं.

खोकणारा सभासद म्हणाला, "द्या हो, महादेवराव. मार्क आहेत पोरीला."

भाऊसाहेबांनी सही केली. लिहिता लिहिता म्हणाले, "पण समारंभाला बोलावणार नाही. मंचावर घेणार नाही, फोटो नाही. रक्कम परस्पर वसतिगृहाला जाईल."

मावशीनं अनुयाकडं बघितलं. "फोटो नाय?"

"नाही."

"आमाला कवा पायजे होता?" आणि ती अशी हसली की गंगाबाईची नथ हलायला लागली. जयवंतीनं तोंड दाबून घेतलं, पण उपयोग झाला नाही. खोकणारा पुन्हा खोकला.

ते हसणं भाऊसाहेबांना झोंबलं असावं. त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "हा मनुष्य या खोलीत असेपर्यंत उरलेल्या प्रकरणांचा विचार होणार नाही. आणि यापुढं त्याच्या दुकानातून आलेला अर्ज निधी घेणार नाही."

उरलेली प्रकरणं म्हणजे माझी चार मुलं. बाहेर बाकावर.

अनुया काही बोलणार होती. मी मान हलवली. माझ्या हातातल्या गठ्ठ्यातले त्या चौघांचे राहिलेले दाखले तिच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, "यापुढं पोरं थेट तुझ्याकडं येतील. अर्ज त्यांच्या अक्षरात. शिकवीन मी." तिनं दाखले सरळ करून घेतले. बोटात अंगठी होती, नवी. शार्दूल मामेभाऊ नाही.

भाऊसाहेबांना म्हटलं, "जातो. तुम्ही हाकललंत म्हणून नाही. काम झालं म्हणून."

मावशी उठली, जयवंतीच्या खांद्यावर हात ठेवून. आळीचं सगळं सोनं माझ्यापुढून जिना उतरून गेलं. खाली म्हातारे पुन्हा उभे राहिल्याचं ऐकू आलं.

मी उंबऱ्यावर असताना आत अनुयानं पुढचं नाव वाचलं. कामोठ्याची प्रांजल. बाकावरून ती उभी राहिली, ओढणी सारखी केली आणि माझ्याकडं बघितलं. मी बाजूला झालो. ती आत गेली.

दार फुगलेलं होतंच. नुसतं ओढून लागेना आणि आपटलं असतं तर तिला बोलताना ऐकू गेलं असतं. मी खांदा लावला, हळूहळू रेटलं आणि लावून घेतलं.